सातावर आठ

बुधवारी जुन्या बाजारात दिलावरच्या ताडपत्रीवर
बिजागऱ्या, मीटरचे काटे, एक सुटा नळ
आणि आइस्क्रीमच्या डब्यात नाणी.
"राणीछाप आहे ताई, मोठी राणी.
कालच चिंच लावून घासलंय, बघा कसं लखलखतंय."

राणी नव्हती ती.
डावीकडे तोंड, सैल टोपी, पट्टीवर 'स्वातंत्र्य',
कुणाचीच राणी नसलेली बाई,
भोवती तेरा तारे, खाली १८१८.
गालावर काथ्याचे ओरखडे,
सगळे एकाच दिशेचे, मन लावून काढलेले.
दोनशे वर्षांची राखाडी साय
या माणसानं एका रात्रीत खरवडली,
माझ्यासारख्या कुणाला तरी आवडावं म्हणून.

बत्तीस वर्षं मी वजनमापं खात्यात होते.
मंडईतले काटे सील केले,
पारड्याखाली लावलेली चुंबकं काढली,
एका गुळवाल्यानं दिलेला शाप अजून पाठ आहे.
पर्समध्ये छोटा काटा असतोच, सवय.
एक तोळा, दीड मासा.
नवं होतं तेव्हा तीन गुंजा जास्त भरलं असतं.
तेवढं रुपं कुणाकुणाच्या बोटांना लागून गेलं.
ती झीज, तिला दोष म्हणत नाहीत.
ओरखडा म्हणजे इजा.
विद्वांस हे दोन शब्द एका वाक्यात येऊ देत नाहीत.

कडेवर अक्षरं आहेत, नाणं फिरवत वाचावी लागतात:
पन्नास सेंट किंवा अर्धा डॉलर.
'किंवा' लिहिलेलं नाणं मी याआधी पाहिलं नव्हतं.

"पंधराशे," दिलावर म्हणाला. नुसत्या चांदीचा भाव.
घासलेलं असूनही हे त्याच्या कितीपट जातं
ते मला ठाऊक होतं.
मी पाकीट उघडलं.
भाव न करता घेणारी बाई पाहून तोच चपापला,
नाणं परत हातात घेतलं, उलटं केलं,
गरुडाकडे बघत राहिला.
तेव्हा मी म्हटलं, "चौदाशे. घासून वाट लावलीय."
साडेचौदाशेला तुटलं. तो हसला, सुटल्यासारखा.
मी कधी नव्हे ती रिक्षा केली.

पन्नास रुपये.

एरंडवण्यात विद्वांसांच्या टेबलावर, दिव्याखाली:
कानाशेजारची बट सपाट,
खांद्यावरची टाचणी अर्धीच,
डाव्या पंखाची पिसं मोजता येतात.
"वीस," ते म्हणाले. "सत्तरपैकी."
मी म्हटलं बारा.
(मी स्वतः एकाहत्तर, पट्टीच्या बाहेर.)
मग त्यांनी ते उजेडात तिरपं धरलं
आणि "अरेरे" म्हणाले,
पेपरात ओळखीचा फोटो दिसल्यावर म्हणतात तसं.
आकड्याचा प्रश्नच मिटला.

भिंग सालावर आलं तेव्हा दोघांनाही एकदम दिसलं.
शेवटच्या इंग्रजी आठाच्या वरच्या पोकळीत
एक आडवी रेघ. सातचं डोकं.
ठसा सतराचा होता. पोलाद महाग, फेकवेना;
सातावर आठ ठोकला आणि काम चालू ठेवलं.
"आपल्याकडेही तेच," विद्वांस म्हणाले.
"सतराच्या कार्तिकात निशाण उतरलं, अठरात नवे साहेब.
दप्तरं तीच, कारकून तेच,
वरून नुसता आठ."
मग चहा आला आणि ते मधुमेहावर बोलू लागले.

रात्री पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं:
अर्धा डॉलर, १८१८, सातावर आठ.
घासलेलं. दर्जा देता येत नाही.
कुठून: जुना बाजार.
खरेदी:
१५०० लिहिलं.
खोडलं. १४५० लिहिलं.
चाराखालचा पाच काही केल्या जाईना.

पुढच्या रविवारी विद्वांस आले.
नाणं काढलं, बघितलं, परत आत सरकवलं,
पाकीट टेबलावर ठेवता ठेवता,
भिंग अजून हातातच होतं म्हणून असेल,
आकड्यापाशी
जरा जास्त वेळ थांबले.