पावाची बंदूक

वाढदिवसाला आलेलं प्लास्टिकचं पिस्तूल
मी खोक्यासकट परत केलं. शेजारची फादिला म्हणाली,
"अगं, पोरं ती. काठी दिलीस तरी ठो ठो करणारच."
मी काठ्याही उचलल्या.

आज न्याहारीला वेदादने पाव कुरतडला,
आधी दस्ता, मग घोडा, मग नळी,
आणि माझ्या कपाळावर नेम धरला.
जिभेवर बरंच काही आलं होतं,
शाळेच्या पत्रकातलं, शहाण्यासारखं.

नेजाद खिडकीशी होता. त्रेबेविचचा डोंगर
आज लख्ख दिसत होता, झाडन् झाड.
सारायेव्होला वेढा पडला तेव्हा तो सहा वर्षांचा.
मामा पावाच्या रांगेत गेला,
पिशवी तेवढी परत आली.
हे त्याने मला एकदाच सांगितलंय,
लग्नानंतर चार वर्षांनी, नळ दुरुस्त करता करता.

"हात वर!" वेदाद ओरडला.
नेजादने दोन्ही हात वर केले
आणि खाली घेईचना.
कॉफी निवली. पोरगं गोंधळलं,
मग बंदूक मोडून अर्धी बापापुढे धरली:
"नळी तू खा."

खाल्ली त्याने.
मग टेबलावरचे कण ओल्या बोटाने टिपले,
एकूणएक.