दिनांक

रात्री साडेनऊला, ओटा पुसून झाला
की मी शहराचा कोश उघडते.
कुणीही लिहावा, कुणीही खोडावा असा कोश.
मी फारसं लिहीत नाही. पाट्या लावते:
‘या विभागातील माहिती जुनी झाली आहे.’
खाली दिनांक.

एकतीस वर्षं टेलिफोन चौकशीवर होते.
लोक नाव सांगायचे, मी आकडे द्यायचे.
मग एका वर्षी सगळ्या आकड्यांपुढे दोन लागला
आणि तोंडपाठ असलेलं अख्खं पुणं
एका रात्रीत चुकलं.
म्हणून मला याचं फार काही वाटत नाही.

काल एका बसचं वेळापत्रक सापडलं,
डेक्कनवरून ती सुटेनाशी झाली त्याला जमाना झाला.
एका पुलाचं ‘काम प्रगतिपथावर आहे’,
तो बांधून, वापरून, पाडूनसुद्धा झाला.
कोथरूडची लोकसंख्या माझ्या लग्नातली असावी.
लावली पाटी. लावली. लावली.

मग पेनदुरुस्ती. मुळगुंद,
अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे, जिन्याशेजारी.
इथे पाटी आधीच होती.
‘दुकान बंद झाल्याचे समजते.’
अकरा वर्षांपूर्वीचा दिनांक.
लावणारी मीच.

समजते.
कुणाकडून समजलं होतं मला?

सकाळी रिक्षा केली.
जिना तोच. शेजारी मोबाइलची कव्हरं टांगलेली.
जिन्याखाली, विजेच्या मीटरांना पाठ लावून,
डोळ्याला भिंग, बोटं निळी, मुळगुंद.
“बंद? अहो, मी चार फूट सरकलो फक्त.”
मी खरं ते सांगून टाकलं.
“तरीच,” ते म्हणाले. “मागे एक गृहस्थ आले,
मलाच माझा धाकटा भाऊ समजले,
माझ्याबद्दल खूप चांगलं बोलले.
चहा पाजला मी त्यांना. मोडवेना.”

काहीतरी द्यायचं म्हणून मी पर्समधलं पेन दिलं,
निरोपसमारंभात मिळालेलं, कधीच न उमटलेलं.
त्यांनी उघडून उजेडात धरलं.
“हे बिघडलेलं नाही. यात शाईच भरली नाही कुणी.”
पैसे घेतले नाहीत. शाईचे घेतले.

रात्री पाटी काढायला गेले, तर संदर्भ हवा.
वर्तमानपत्र, पुस्तक, पान क्रमांक.
‘स्वतः पाहिले’ हा संदर्भ होत नाही,
हा नियम किती जणांना ऐकवलाय मी,
तोही खाली सही करून.

मग पाटी राहू दिली.
‘समजते’ तेवढं खोडलं.
लिहिलं: चार फूट डावीकडे, जिन्याखाली.
नियम मोडला. कुणीतरी येईल, माझ्यावर पाटी लावेल,
लावावीच.

खाली दिनांक विचारला.
आजचा घातला. मग वेळही घातली,
तिथे कुणी घालत नाही तरी.
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.
तेव्हा ते होते.