मकदूम घड्याळजीचं दुकान

मकदूम घड्याळजी नावाचा माणूस
जालन्यात कधीच नव्हता.
हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं डोईफोडे बाईंनी,
शिडीवर उभ्या राहून, तोंडातले खिळे काढून.
"तुम्हाला ठाऊक असू द्या, लिंबाजी. बाकी कुणाला नको."

संग्रहालयाच्या मागल्या खोलीत,
जिथं आधी तुटक्या मूर्ती आणि जुन्या मतपेट्या असायच्या,
बाईंनी दुकान उभं केलं.
फळ्यांचं दार खरं, कादराबादेतल्या पाडलेल्या घराचं.
घड्याळं खरी, भट्टीकडे निघालेल्या
भंगाराच्या ट्रकमधून किलोनं उचललेली.
उधारीची वही खोटी,
पानं चहाच्या पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवलेली.
भिंतीवरचा फोटो परभणीच्या एका कंपाउंडरचा,
नातवाला विचारून आणलेला.
आणि गल्ल्यावरचा चष्मा माझ्या बापाचा,
एका दांडीच्या जागी दोरा.
बाईंनी मागितला, दिला.

कानाला लावायच्या यंत्रातून मकदूमभाई बोलायचे:
"घडी मरती नै मियाँ, थकती."
माझं काम, माणसांना दोरीच्या अलीकडे ठेवणं,
'हात लावू नये' ही पाटी पुसणं,
आणि सकाळी एकोणचाळीस घड्याळांना चावी देणं,
एकही दुसऱ्याशी जुळणार नाही अशी.

पहिल्या आठवड्यात शाळा आल्या.
तिसऱ्या आठवड्यात आठवणी यायला लागल्या.
"ह्यांचं एक बोट वाकडं होतं," सराफ्यातला एक जण म्हणाला.
"व्हय, डाव्या हाताचं."
"पानात कात जास्त लागायचा."
रात्री मी बाईंना फोन केला, बोट वाकडं होतं म्हणतात.
बाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "कोणतं?"
दोन दिवसांनी यंत्रातल्या आवाजात
एक वाक्य वाढलं होतं, करंगळीबद्दल.

मग सोजरबाई आल्या. मंठ्याहून, एस्टीनं.
पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. दोनशे बारा.
शाई उडालेली, आकडा शाबूत.
"मालकाचं घड्याळ टाकेल होतं.
झालं असंल तर द्या. पैसे किती व्हतेत?"

त्या खोलीतलं मला सगळं माहीत होतं,
कोणता खिळा गंजलेला, कोणता गंजाच्या रंगाचा.
आमच्या चिठ्ठ्या दोनशेवर संपल्या होत्या.
सांगायचं होतं, आजी, असा माणूसच नाही.
तोंडातून निघालं,
"मकदूमभाई नमाजाला गेलेत. बसा."

आणि त्या बसल्या.
चपला काढून, दोरी ओलांडून, स्टुलावर,
ज्या स्टुलाची विम्याच्या कागदावर किंमत होती.
पिशवी मांडीवर.
एकोणचाळीस वेळा त्यांच्याभोवती, एकही बरोबर नाही.
अर्ध्या तासानं उठल्या.
"माही गाडी साडेचारची.
येते मी पुन्हा. घाई नाही म्हणावं."
चिठ्ठी मात्र परत गाठीत बांधली.

हे सांगितलं तेव्हा बाई
भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या,
ओल आलेल्या डागापाशी,
जो त्यांनीच तीन दिवस खपून रंगवला होता.
डाग हातानं चाचपला, ओला आहे का म्हणून.
मग खाली बसून दोरीच्या गाठी सोडल्या.

दिवाळीनंतर सगळं खोक्यांत भरून भोपाळला गेलं.
मतपेट्या परत आल्या.
बापाचा चष्मा यादीत होता, तोही गेला.

अजून विचारतात लोक, मामा चौकात, चहावर,
ते घड्याळजीचं दुकान कुठं गेलं हो?
"रस्ता रुंदीकरणात," मी सांगतो.
मान डोलावतात. पटतं.
परवा एक जण म्हणाला,
"मी व्हतो ना तिथं. जेसीबी आला तरी
म्हातारा आत बसेल. उठंच ना."

"डोळ्याला चष्मा होता का?" मी विचारलं.

"व्हता की.
एका बाजूनं दोरा बांधेल."