पिवया झेंडा

तिसरा दिवस. झेंडा पिवयाच.
हिरवा म्हनजे उडा, लाल म्हनजे घरी जा,
पिवया म्हनजे बसा.
फेटरीच्या मैदानात अकरा देशांची मानसं
बसून रायली.

कोराडीच्या चिमन्यांचा धूर पार आडवा,
जसं कोनी ओल्या फडक्यानं पुसत नेलं.
ढोबये साहेबाची मशीन काईही सांगो,
फुगेवाले आधी तिकडं पाहातात
अन् मंग चहा मांगतात.

मी काई फुगे पाहाले आली नोती.
निरोप आला, हातचं सूप ठेव अन् ये,
गारपिटीत मांडवाचा खांब पडला,
टोपलीची एक बाजू फाटली.
टोपली म्हनजे मी समजली टोपली.
ही तं छातीएवढी!
चार मानसं उभी राहतीन आतमंदी,
बुडाले चामडं, कोपऱ्यात ग्यासचे सिलेंडर.
वेत परदेशी.
भिजवला तं वाकते, पन कुरकुर करते,
पाहुन्या घरच्या सुनेसारखा.

आमचं काम कुठं कुठं लागते, मले माहीत आहे.
लेकरू झालं, सुपात घालतात.
लग्न निघालं, पाच दुरड्या.
मानूस गेला तरी आमच्याचकडे येतात,
दोन लांब, सात आखूड,
त्या दिवशी कोनी भाव करत नाई.
पन मधात कधी कोनी म्हनलं नाई,
पार्बता, वर जायाचं आहे
अन् वापस याचं आहे,
असं काई विनून दे.

जिची टोपली तिचं नाव रासा.
मोबाईलमधली बाई बोलली,
तिच्या भाषेत रासा म्हनजे दव.
मी म्हनलं, आमच्याकडे रस्सा म्हनजे तर्री,
अन् दुपारी सावजीचा डबा मांगवला.
एक घास, अन् डोये भरले, नाक गयालं,
पन पोट्टीनं डबा पुसून खाल्ला.

पहाटे चार वाजता एक छोटा फुगा सोडतात,
हवा इचाराले.
तो सरका वर जाते, ताडाएवढा,
अन् तिथून एकदम गोरेवाड्याकडे पयते.
मी सांगतलं, त्या बाजूले वाघ आहेत.
रासा हासली.
मी हासली नोती.

बाकी सारा दिवस नुसता दिवस.
जपानवाला कूलरसमोर मोजे वायवून रायला.
कॉलेजच्या पोट्ट्यांनी ब्राझीलवाल्याले
क्यारममधी तीनदा हरवलं.
ढोलपथकवाले आले, भिजले, गेले.
अन् मी विनून रायली,
जुन्या वेतात नवा वेत,
एक खालून, एक वरून,
बोटाले चीर पडली तं पडली.

शनिवारी संध्याकाई लाल.
कोनी काई बोललं नाई.
ढोबये साहेबानं माईक बंद केला
तरी माईक थोडा वेय शिटी वाजवत होता.

रासा मले म्हनली, ये.
टोपली चिखलात उभी. आत चढली मी, लुगडं खोचून.
माह्या बाजूचा वेत पांढरा दिसे,
ठिगय लपत नाई.
तिनं वरचा खटका ओढला.
केवढी ज्वाया! घरभर उंच!
वर फुगा नाई. ज्वाया, अन् आभाय,
अन् पावसाचे थेंब मधातच सुकून रायले.
आजूबाजूचे सारे हात शेकाले आले,
अकरा देशांचे तयहात,
कोनाचा कोनता काई समजे नाई.
मी पाय आपटून पाह्यला.
टोपली कुरकुरली नाई.
मले तेवढंच पाह्याचं होतं.

पैसे भेटले. पावतीवर लिवलं,
फर्निचर दुरुस्ती.

रविवारी सकाई अंगनात आली.
वारा नाई. पान हाले नाई.
कोराडीचा धूर सरका उभा,
कामटीसारखा.
तिचं विमान सहाचं होतं.