दुसरं माप

अकरा हजार चारशे ऐंशी.
आकडा खालच्या कोपऱ्यात, ठळक.
त्याच्यावर दोन रूट कॅनॉल, चार क्राऊन
(मुकुट म्हणावं तर हसू येतं),
आणि एक ओळ, जिचा अर्थ मला लागला नाही.
विमा पंधराशेलाच हात टेकतो.
बाकीचे हप्त्याने, साठ महिने,
म्हणजे निवृत्तीच्या दारापर्यंत.

डॉक्टर टिपणीस म्हणाले, "वहिनी, आता उशीर नको."
वहिनी म्हणाले, तिथेच माझी दातखीळ बसली.
सीडर रॅपिड्समध्ये मराठी घरं तेवीस.
श्रीरंग गेला तेव्हा मृण्मयी टिपणीसने
तेरा दिवस डबा पाठवला होता,
झाकणावर पट्टी चिकटवून: कमी तिखट.
त्या घराला कसं विचारायचं,
खरंच चार का हो?
आपलेच दात, आपलेच ओठ.

मी गिअरच्या कारखान्यात मोजमाप तपासते.
एकोणीस वर्षं दातेच मोजतेय, चाकांचे.
एकाही दात्याला एका मायक्रोमीटरच्या शब्दावर
मी नापास केलेलं नाही.
दुसरं माप, दुसऱ्या हाताने,
आणि दुसऱ्याला पहिला आकडा सांगायचा नाही.
सांगितला की हात तिकडे झुकतो.
यात पहिल्याचा अपमान नसतो,
हे मी नव्या पोरांना दर जानेवारीत शिकवते.
स्वतःच्या तोंडाशी आलं तेव्हा
तीन आठवडे डाव्या बाजूने जेवले.

मग एक्स-रे मागायला फोन केला.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कशासाठी?
म्हटलं, माझे आहेत म्हणून.
फोन ठेवला तर हात थरथरत होता,
कुणाच्या ताटातलं उचलल्यासारखा.

व्हिंटनला निघाले. दोन्हीकडे गुडघ्याएवढा मका.
टायरच्या दुकानाला लागून डॉक्टर व्होबोरिल,
सत्तरी ओलांडलेल्या, चष्मा दोरीला.
मी घडी घातलेला कागद पुढे केला.
"तो पर्समध्येच राहू दे," त्या म्हणाल्या,
"आधी मला बघू दे."
मला एकदम रडू आलं.
तोंड उघडं ठेवून आडवं पडल्यावर रडू नये,
सगळं कानात जातं.

त्यांनी टकटक केलं, गार फवारा मारला,
एक काडी चावायला लावली,
मग आरसा माझ्याच हातात दिला.
"ही भेग. ही खरी. याला क्राऊन लावा, लवकर.
हे दोन जुने भरलेले. दिसायला वाईट, पण धरून आहेत.
चौथा..."
थांबल्या.
"चौथ्याचं मला माहीत नाही. मी सहा महिने थांबले असते.
तुमचे डॉक्टर थांबले नसते. कुणी खोटं असेलच असं नाही."
मग कागद उघडला.
मी त्यांच्या भुवईवर डोळा ठेवून होते. हलली नाही.
"रात्री दात खाता तुम्ही," एवढंच. "कधीपासून?"
मी वर्ष सांगितलं.
काय झालं त्या वर्षी, ते नाही.

नव्वद डॉलर.

टिपणिसांकडे परत गेले. म्हटलं,
एकच करा. भेगवाला. बाकीचं पुढे बघू.
ते पडद्याकडे बघत राहिले.
"कुणाला दाखवलंत?"
"हो."
शेजारच्या खोलीत नळी
कुणाची तरी लाळ ओढत होती, बराच वेळ.
"बरं," म्हणाले.
वहिनी नाही म्हणाले.

दिवाळीला चर्चच्या तळघरात तेवीस घरं.
मृण्मयीने चकलीचा डबा पुढे केला,
कडक, वर तीळ.
टिपणीस तिच्या खांद्यामागून बघत होते,
माझ्याकडे की माझ्या दाढेकडे, कळलं नाही.
मी उजवीकडे चावली.
आवाज त्यांच्यापर्यंत गेला असावा.