बारीक टाइप

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका वाचून पोट भरलं.
रामलिंगखिंडीतला छापखाना,
लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, श्रद्धांजल्या,
ऱ्हस्व, दीर्घ, एखादा पळालेला अनुस्वार.

आता मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने
सॉसच्या बाटलीची पाठ वाचतो,
खडेबाजारात, हंचिनमनींच्या दुकानी,
भिंग हातात, मागे रांग.
"तारीख पुढची हाय की काका," पोरगा म्हणतो.
तारीख नव्हे रे. मजकूर.

पुढच्या बाजूला टोमॅटो, दव पडलेला, भोपळ्याएवढा.
मागे मुंगीच्या पायांनी लिहिलेलं,
कागद जिथे दुमडतो नेमक्या तिथे:
हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप.
आमच्याकडे नाव असं शिवणीत गेलं असतं
तर मालकांनी अख्खा फॉर्मा पुन्हा छापायला लावला असता.

मराठी तर बाटलीवर नाहीच.
इंग्रजी आहे, हिंदी आहे, खाली थोडं कन्नड.
या गावात पाट्यांवरून दगड उडालेले मी पाहिलेत.
या शब्दासाठी कुणी मोर्चा काढला नाही.
तो सगळ्या भाषांत सारखाच बारीक.

सून बैलहोंगलची, अक्षता.
रात्री भांडी आवरल्यावर तिने भिंग घेतलं.
"कॉर्न म्हणजे गोविनजोळ की, मामा."
मग थांबली.
"अप्पांचं गोविनजोळ लॉरीनं जातं. स्टार्चच्या फॅक्टरीला.
पुढं त्याचं काय होतं, आम्ही कधी विचारलंच नाही."
आणि बाटली हातात धरून बघत राहिली,
माहेरचं माणूस परक्या गावात
भलत्याच नावाने भेटावं तशी.

कणसाचा काय दोष.
निखाऱ्यावर भाजलं, मीठ-लिंबू चोळलं,
तेव्हा ते स्वतःच्या नावाने आलं होतं.

उरलेल्या पत्रिकांच्या पाठीवर आम्ही यादी केली.
जाम: काट.
निळ्या पुड्यातली बिस्किटं: काट.
फळांचा म्हणतात तो रस: फळ कुठाय? प्रश्नचिन्ह.
पाव: प्रूफ पुन्हा पाठवा.
चिरमुरे: काही लिहिलेलंच नाही, म्हणून चालतील.
कुंदा: (मी, घाईघाईने) चालेल.
"साखर किती त्यात, मामा!"
आहे. पण साखर म्हणून समोर उभी आहे.
ती हसली, आणि समासात लिहिलं:
रविवारी, एक चमचा.
दुरुस्ती मान्य.

संकेश्वरहून गुळाची ढेप आली.
टोमॅटो गाळले, मिरी, लवंग, थोडी चिंच.
सॉस झाला विटकरी, पातळ,
बाटलीतून पडायचा तर सगळाच पडायचा.
निहार, वय वर्षं सहा, बोट बुडवून म्हणाला,
"ही आमटी आहे."
तीन दिवस कुणी हात लावला नाही.
चौथ्या दिवशी त्याने डोशाला लावून खाल्ला,
कारण घरात दुसरं काही नव्हतं.

शनिवारी टिळकवाडीत कुणाचा तरी वाढदिवस.
परत आला तो कॉलरवर लाल डाग घेऊन.
तो लाल मला आता ओळखता येतो.
बोललो नाही.
कितीही वाचा, एक चूक राहतेच,
आणि नेमकी तीच
अंक हातात घेतल्या घेतल्या दिसते.

काल मात्र दुकानात त्याने माझं भिंग मागितलं.
बाटली उलटी केली, जीभ दाताखाली धरली,
सी... ओ... आर... एन...
मागे रांग तुंबलेली.
हंचिनमनी तूरडाळीचा काटा धरून उभे.
"आजोबा," मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"यात बैलहोंगलच्या अज्जांचं शेत आहे काय?"

खिशात लाल पेन होतं.
कुठली खूण करायची, मला सुचेना.