तळं कूस बदलतं

दिवाळी संपून चार दिवस झालेले,
रायलादेवीच्या काठावर विझलेल्या पणत्या,
आणि पोशा मढवी त्याच्या ठरलेल्या पायरीवर.
वागळे इस्टेटीतली स्प्रिंगची कंपनी बंद पडल्यापासून
त्याची हजेरी इथंच लागते.

मी महापालिकेची.
आठवड्यातून दोनदा दोरीला बाटली बांधून
तळ्याच्या पोटात सोडते,
एकेका मीटरला थांबून ताप बघते.

ऑक्टोबरभर वर एकतीस, खाली साडेसव्वीस.
मधे कुठंतरी न दिसणारा एक माळा,
ज्यातून ऊन खाली उतरेना
आणि तळाची खबर वर येईना.
खाली होतं काय?
मूर्तींचा शाडू, झेंडूचे हार, पिंपळाची पानं,
कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल,
आणि श्रावणापासून
वारा न पाहिलेलं पाणी.

पोशा म्हणाला, काल रातच्याला मतलई सुटली,
बायकोनं गोधडी काढली.
मग बोया पाण्यावर तसाच ठेवून
मांजरासारखं नाक वर केलं.
"पोरी, पानी पालटलंय.
आज काय लागाचा नाय."

मी दोरी सोडली.
वर सव्वीस.
एका मीटरला सव्वीस.
बाटली गाळाला टेकली तिथंही सव्वीस.
यंत्र बिघडलं म्हणून झटकलं, पुसलं, परत सोडलं.
सव्वीस.

आणि तेवढ्यात तो वास,
नासलेल्या अंड्याचा, बंद मोरीचा,
सकाळी चालायला आलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले.
तळं झोपेतच कुशीवर वळलं होतं
आणि अंगाखालचं सगळं
वर आलं होतं.

आधी एक कटला,
मग रोहू, मग चिलापींची अख्खी आळी,
काठाला लागून तोंडंच तोंडं,
गोल, उघडी, पांढरी.
मरळी तेवढ्या वर यायच्या, हवेचा घोट घ्यायच्या
आणि त्याच घाणीत निवांत परत जायच्या.

पोरं पिशव्या घेऊन धावली.
हातानं उचलावेत असे मासे, गळही नको.
एकानं पोशाला हाक मारली, काका, टाका की!
त्यानं दोर गुंडाळायला घेतला होता,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत, सावकाश.
"गल म्हंजे इचारना रं.
नाय म्हनाची सोय पायजे माशाला."
पोरांना कळलं नाही.
मलाही पुरतं नाही.

कारंज्याची किल्ली गोरखकडं.
तो लुंगीवरच आला, जांभई देत म्हणाला,
कारंजं सात ते नऊ, संध्याकाळी, नियम आहे.
मी बाटली त्याच्या नाकाखाली धरली.

दिव्यांचं बटण वेगळं नाही.
म्हणून पावणेसहाच्या उजेडात
लाल, निळं, मग पोपटी होत
पाणी वर उडालं, फुटलं, पडलं,
आणि त्या खोट्या पावसाखाली
जगायचे तेवढे मासे गोळा झाले,
न्हाणीघरापुढं उभं राहतात तसे, दाटीवाटीनं.
पोशा बघत बसला.
टोपीत पाणी साचलं तरी हलला नाही.

एकशे बारा मेले.
वहीत आकडा लिहिला.
प्राणवायू लिहिला, लिटरला एकाहून कमी.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "मतलई."
साहेबांनी चष्मा वर करून विचारलं,
हे कुठलं एकक?

तीन आठवड्यांनी पाणी निवळलं,
पायरीखालची चौथी पायरी दिसायला लागली.
कचेरीच्या दारात एक झाकलेली बादली
आणि तिच्याशेजारी पोशा, चपला हातात.
आत हातभर मरळ,
काळी, चिडलेली,
मधूनच वर येऊन हवा गिळणारी.
"ईचार करून लागलीय," तो म्हणाला.

तो गेल्यावर
सवयीनं मी बादलीत
थर्मामीटर सोडला.